खाली जागा आहे

माणूस वर चढला की त्याचं बरं चाललंय, असं सगळीकडे म्हणतात. राजापेठेतल्या शेषरावांच्या इमारतीत मात्र उलटा कारभार होता. तिथं ज्याचं बरं चालायचं, तो खाली यायचा.

शेषराव माळी संत्र्याच्या बगीच्याचे मालक. लागोपाठच्या बहारांनी हात दिला आणि त्यांनी अमरावतीत रेल्वे फाटकाजवळ तीन मजली इमारत उठवली. गावातले टवाळ म्हणाले, माळ्यानं मळा सोडून माळे चढवले. शेषराव ते ऐकून सगळ्यांत आधी स्वतःच हसले. भाडं ठरवायला त्यांना कुणा शहाण्याची गरज पडली नाही. नळ अंगणात, म्हणून जो नळाजवळ त्यानं जास्त द्यायचं. ऊन गच्चीवर, म्हणून जो उन्हाजवळ त्यानं कमी द्यायचं. तळमजल्याचं भाडं सगळ्यात वरच्या बिऱ्हाडाच्या दुप्पट आणि मधल्याचं मधलं.

"टोपल्यातली वरची भाजी उन्हानं सुकते, खालची ताजी राह्यते," ते समजावून सांगायचे. "भाव तसाच लागन ना, वकीलसाहेब!"

हे वकीलसाहेब म्हणजे हरिहर. काळा कोट नवा, बायको नवी आणि पक्षकार एकही नाही. पंचावन्न साली असा माणूस तिसऱ्या मजल्याशिवाय दुसरीकडे कुठं राहणार? बायकोचं नाव सिंधू. ती अकोल्याची, भिक्षुकाची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा जिना चढताना तिच्या हातातली रुखवताची परात कठड्याला आपटली आणि तिचा पार खालपर्यंत घुमत गेलेला आवाज ऐकून ती हसत सुटली. सासरी पहिल्या पावलाला हसू नये, हे तिला ठाऊक होतं. पण सासूसासरे नव्हते आणि नवराही हसत होता.

वरचं बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. मे महिन्यात स्लॅब असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नसे. पाणी घागरीनं न्यावं लागायचं. शेजारपाजारच्या बायका सिंधूची कीव करायच्या आणि सिंधू ती कीव मुकाट्यानं घ्यायची, कारण खरं सांगितलं असतं तर त्यांना ते पटलं नसतं. खरं हे होतं की ती सुखात होती. घागरी दोन असत, एक तिच्या कमरेवर आणि एक वकिलाच्या खांद्यावर. काळा कोट खुंटीला टांगून हा माणूस बायकोबरोबर पाणी भरतो, म्हणून मधल्या मजल्यावरच्यांनी नाकं मुरडली, ती दोघांनीही पाहिली नाहीत.

संध्याकाळी उन्हं कलली की ती दोघं गच्चीवर जायची. सिंधू पाणी शिंपडायची, तापलेल्या गच्चीतून वाफ उठायची आणि मग हरिहर उभा राहून खटला चालवायचा. खटला असायचा दुसऱ्याच कुणा वकिलाचा, दिवसभर कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकलेला. सिंधू कठड्याला टेकून बसायची. ती न्यायाधीश.

"हुजूर," हरिहर हात जोडून म्हणायचा, "माझ्या पक्षकाराची म्हैस ही म्हैस नसून त्याचा संसार आहे."

"पुरावा?"

"हुजूर, म्हैस स्वतः हजर आहे."

सिंधूला हसू आवरायचं नाही. त्याचं बोलणं आवडलं की ती निकाल द्यायचीच नाही. "पुढची तारीख," एवढंच म्हणायची, म्हणजे उद्या हाच खटला पुन्हा. एका म्हशीचा खटला त्यांनी अख्खा उन्हाळा चालवला.

आणि तिथून बडनेऱ्याहून येणारी शटल दिसायची. आधी धूर, मग फाटकाशी वळण घेणारे डबे. अकोल्याहून वडील यायचे ते त्याच गाडीनं. खिडकीतून पांढरं उपरणं हलताना दिसलं की सिंधू चुलीवर चहाचं आधण ठेवायची आणि वडील टांग्यातून उतरून दोन जिने चढून येईपर्यंत चहा गाळून तयार असायचा. "तुला कसं कळतं गं?" ते दर वेळी विचारायचे. तिनं कधीच सांगितलं नाही. वडिलांना एवढं एक नवल राहू द्यावं, असं तिला वाटायचं.

पण गच्चीवरच्या म्हशीवर पोट भरत नाही. नांदगाव खंडेश्वरचा एक म्हातारा धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण घेऊन हरिहरकडे निघाला होता. मधल्या मजल्याच्या पुढे जिना वळतो, तिथं तो धाप लागून बसला. शेषरावांची बायको माणिकबाई अंगणात मेथी निवडत होती. तिला त्यानं वरूनच विचारलं, "हा वकील इतक्या वर काहून चढून बसला, बाई? खाली त्याले कोनी जागा देत नाही का?" आणि तो उतरून दुसऱ्या वकिलाकडे गेला. माणिकबाईनं ही हकिकत सगळ्या इमारतीला सांगितली. हरिहरही हसला, पण त्या संध्याकाळी त्यानं खटला चालवला नाही.

अठ्ठावन्न साली ती दोघं मधल्या मजल्यावर आली. वरच्या बिऱ्हाडात एक गिरणीतला कारकून आला. मधल्या मजल्यावर मुलगी झाली, अनुपमा. पक्षकार वाढले. मागच्या बाजूला सरकीचं गोदाम होतं, त्यामुळे तिथून शटल दिसत नव्हती, फक्त तिची शिट्टी ऐकू यायची. साठ साली वडील गेले आणि त्यानंतर शिट्टी झाली की सिंधू हातातलं काम टाकून उगाच उभी राहायची. आपल्याला पुन्हा वर जायचंय, हे तिला त्या दिवसांत कळलं. हरिहरला सांगायचं तर तो हल्ली जेवतानाही कागद वाचायचा. वेळ पाहून सांगू, म्हणून ती थांबली.

आणि मग एकसष्टच्या दिवाळीआधी माणिकबाई भाजी द्यायला आली आणि सांगून गेली की वरच्या कारकुनाची अकोल्याला बदली झाली. दुसऱ्याच दिवशी हरिहर कोर्टात असताना शेषराव दारात उभे.

"वहिनी, खाली जागा हाये. घेता काय? दुसऱ्याले देन्याच्या आधी म्हटलं तुमाले इचारावं."

अकोल्यात वाढलेल्या सिंधूला रिकामं ते खाली, हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. खाली डबा, खाली टांगा, खाली खोली. वर जागा खाली आहे, आणि देव दारात येऊन विचारतोय.

"घेते," ती म्हणाली. "नक्की घेते, शेषरावभाऊ. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"वकीलसाहेबाले इचारा तरी."

"त्यांचं मी बघते."

शेषराव खूश होऊन गेले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी कॅम्पात स्वतःचं घर बांधलंय आणि ते महिनाअखेर जाणार, हे सिंधूला माहीतच नव्हतं. ती गुणगुणत पितळी डबे घासायला बसली. कठड्याजवळ तुळस कुठं ठेवायची, अनुपमाला शटल कशी दाखवायची, सगळं तिनं त्या दुपारी ठरवून टाकलं.

संध्याकाळी हरिहर आला तो पेढे घेऊन. शेषरावांनी त्याला अंगणातच गाठलं होतं.

"सिंधू, कमाल केलीस तू! महिनाभर मी मनात घोळवत होतो, तुला कसं विचारू म्हणून. तू तर परस्पर हो म्हणून मोकळी झालीस."

"तुम्हालाही तेच हवं होतं?" सिंधूला आपले कान खरे वाटेनात.

"म्हणजे काय! रस्त्यावरची खोली, पाटी लावायला दर्शनी भिंत, दारात नळ. आता नांदगावच्या म्हाताऱ्यांनी बैलगाडीतून थेट माझ्या खुर्चीत उतरावं."

"खाली?" ती एवढंच म्हणाली.

"खाली!" तो आनंदानं म्हणाला.

एकच शब्द दोघांच्या तोंडात होता. सिंधूनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तो असा उजळला नव्हता. त्यानं पुढे केलेला पेढा तिनं अख्खा तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागू नये. बायकोनं आपल्या मनातलं ओळखलं, ही गोष्ट हरिहर पुढं वर्षानुवर्षं लोकांना कौतुकानं सांगत राहिला आणि दर वेळी सिंधू पदर सावरत आत चहा ठेवायला गेली.

तळमजल्यानं सगळं दिलं, हे नाकारून चालणार नाही. पाटी लागली, टेलिफोन आला, वरच्या मजल्यांवरचे लोक 'वकीलसाहेब' म्हणताना आवाज खाली घ्यायला लागले. फक्त वकीलसाहेब बायकोशी बोलेनासे झाले. भांडण नव्हतं, राग नव्हता. पुढच्या खोलीतून "दोन कप" असा आवाज यायचा, कधी "तीन कप", आणि दिवसभराचं बोलणं तेवढ्यात संपायचं. मागच्या खोलीच्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसायची. सिंधूला कधीकधी वाटायचं की आपला नवरा वरच राहिलाय, आणि खाली आला तो त्याच्या नावाचा दुसराच कुणी गृहस्थ. हे मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. खाऊनपिऊन सुखी असलेल्या बाईनं असं म्हणू नये. पण जीव वरच अडकला होता, त्याला काय करणार?

कापसाच्या हंगामात रस्त्यावरून गाड्यांची रांग लागायची, पुढं ट्रक आले. फुफाटा आणि रुईची तुसं थेट पुढच्या खोलीत. दोन-तीन वर्षांत हरिहरला दमा जडला. खोकत खोकत तो कैफियती सांगायचा.

आणि पासष्ट साली शेषरावांनी विजेची मोटर बसवली, गच्चीवर टाकी बांधली. मोटरीचं बटण दाबलं आणि इमारतीचा सगळा हिशेब फिरला. वरच्या मजल्यावर नळ वाहायला लागला. छताला पंखा आला. धूळ तिथवर पोहोचत नव्हती, रात्री वारा होता. ज्यांनी वरच्या मजल्याची कीव केली होती तेच आता शेषरावांना तो मागायला लागले.

"आता पानी सोताहून वर चढते, वहिनी," शेषराव म्हणाले. "मंग भाव बी चढन."

सदुसष्टच्या उन्हाळ्यात, कारकुनानंतर वरच्या बिऱ्हाडात आलेले मास्तर निवृत्त होऊन अकोटला गावी निघाले. शेषराव या वेळी सिंधूच्याच दारात आले. केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच. "वहिनी, मास्तर चालले. जागा खाली होऊन राह्यली. तो बिजलीचा इंजिनियर मांगून राह्यला, तरी म्हटलं..."

"कुठली जागा?" सिंधू झटकन म्हणाली.

"वरची."

"वरची खाली?"

"वरचीच खाली. काहून?"

"काही नाही. उद्यापर्यंत थांबा."

शेवटचा पक्षकार गेल्यावर ती पुढच्या खोलीत गेली आणि पक्षकाराच्या बाकावर बसली. हरिहरनं चष्म्यावरून पाहिलं. ती इथं कधी बसत नसे.

"वरची जागा मोकळी होतेय. आपण वर राहायला जाऊ. तुमचं ऑफिस राहू द्या इथंच."

"दोन जागांचं भाडं? आणि वरचं आता इथल्यापेक्षा जास्त आहे." तो हसला. "आणि खाली यायचं तर तुझ्याच मनात होतं. मला न विचारता हो म्हणालीस."

"नव्हतं माझ्या मनात." सहा वर्षं गिळून ठेवलेला तो पेढा जणू आता घशात आला होता. "शेषरावभाऊ म्हणाले, खाली जागा आहे. मला वाटलं, वरची जागा खाली आहे. मी वरच्या जागेला हो म्हणाले होते."

हरिहरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी त्याला हसू आलं, मग ते हसू चेहऱ्यावर कुठंतरी थांबलं.

"बोलली नाहीस."

"तुम्ही पेढे आणले होते."

"मला वाटलं, पाणी वाहून तुझी कंबर दुखत असेल. सगळ्या बायका खालची जागा मागतात."

"अर्धं पाणी तुम्ही आणायचात," सिंधू म्हणाली. "मला जागेचं काय करायचंय? मला वरचे तुम्ही हवे आहात."

मोठमोठे निकाल फिरवणाऱ्या वकिलानं समोरचे कागद बाजूला सारले. मग तो म्हणाला, "उद्या रविवार आहे. बघून येऊ."

रविवारी संध्याकाळी ती दोघं जिना चढायला लागली. अनुपमा सुट्टीत मामाकडे अकोल्याला गेली होती. मधल्या मजल्यापर्यंत हरिहर बरा आला. पुढे जिना वळतो तिथं त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. कठडा धरून तो खाली बसला.

"नांदगावचा म्हातारा... इथंच बसला होता ना?"

"परत जाऊ या," सिंधू म्हणाली.

"तू जा. बघून ये. मी बसतो."

ती गेली. मास्तरांनी भिंतींना निळा रंग दिला होता. चुलीच्या जागी ओटा झाला होता. गच्चीवर टाकीनं अर्धी जागा खाल्ली होती, पण कठडा तोच होता. ती टेकली आणि तेवढ्यात लांब धूर दिसला. शटल फाटकाशी वळली. सिंधूचे डोळे आपोआप खिडक्यांवरून फिरले, एकेका डब्यावरून, पार शेवटच्यापर्यंत. मग ती आधण ठेवायला वळली आणि दोन पावलं टाकल्यावर तिला आठवलं की इथं आपली चूल नाही आणि येणारंही कुणी नाही. ती तिथंच उभ्याउभ्या रडली. गाडी निघून गेल्यावर डोळे पुसून ती उतरली आणि नवऱ्याशेजारी पायरीवर बसली.

"दिसली?" हरिहरनं विचारलं.

"दिसली."

त्याचा हात तिनं हातात घेतला. नखं निळसर पडली होती. एवढा जिना रोज चढायचा म्हणजे या माणसाचं काय होईल, हे तिनं पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं. खाली अंगणातून शेषराव मान वर करून विचारत होते, "वहिनी, मंग कसं करू? इंजिनियर उभा हाये दारात."

"खालीच राहू द्या, शेषरावभाऊ!" सिंधूनं वरून सांगितलं.

"बरं!" खालून आवाज आला.

जिना उतरताना हरिहरनं तिचा हात सोडला नाही. अंगणातल्या लोकांनी बघितलं तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई एक किल्ली घेऊन आली. पुढच्या खोलीत पक्षकार जमले होते, म्हणून ती मागच्या दारानं आली. "घ्या, वकीलीणबाई. इंजिनियर लय भांडला, तिप्पट देतो म्हने. पन आमच्या मानसानं सांगतलं, वहिनी म्हनल्या खालीच राहू द्या, तं आता ते खालीच राहीन. तुमी जवा पाह्यजे तवा सामान चढवा."

सिंधू किल्लीकडे बघतच राहिली. "अहो माणिकबाई, खाली म्हणजे... आम्हाला खाली राहू द्या, असं म्हणाले मी! थांबा, मी येते समजावून सांगायला."

"काही सांगायचं नाही," दारातून आवाज आला. हरिहर पक्षकारांना तसंच बसवून आत आला होता, हातात कुणाचा तरी अर्ज. "निकाल लागला आहे. आता फिरवता येत नाही."

"अहो, पण भाडं? आणि तुमचा जिना?"

"मागच्या वेळी तू चुकीचं ऐकलंस, ते मी सहा वर्षं वापरलं," तो म्हणाला. "आता हे तू वापर." आणि पुढच्या खोलीत जाऊन त्यानं पुन्हा "दोन कप" असा आवाज दिला. मग काही वेळानं म्हणाला, "राहू दे, मीच येतो न्यायला."

सामान त्यांनी चढवलं नाही. किल्ली सिंधूच्या कमरेला आली आणि वरचंही भाडं हरिहर भरायला लागला, एवढंच. संध्याकाळी ती वर जाते, गच्चीवर पाणी शिंपडते आणि कठड्याला टेकून बसते. वैद्यांनी हरिहरला जिना चढायची मनाई केलीय, पण अगदी सावकाश, बसत बसत, एखाद्या दिवशी चालेल म्हणालेत. तो एखादा दिवस कुठला, हे त्यांनी सांगितलेलं नाही. म्हणून सिंधू रोजच वाट पाहते. पुष्कळदा अंधार पडतो आणि जिन्यात पाऊल वाजत नाही.

आज वाजलं. मधल्या मजल्यापर्यंत आलं आणि वळणावर थांबलं. सिंधू उठली नाही, उठून गेली असती तर तो तिथूनच परत उतरला असता. छातीतली शिट्टी तिला वरपर्यंत ऐकू येत होती. तिकडे धूर दिसायला लागला, शटल फाटकाशी आली, वळली, गेली. जिना गप्पच होता.

"पुढची तारीख देऊ का?" तिनं शेवटी जिन्याकडे तोंड करून विचारलं.

जिन्यात कठड्यावर हात घासल्याचा आवाज झाला.

"नको, हुजूर," खालून धापेतच आवाज आला, आणि एक पाऊल वाजलं. "तारखा फार झाल्या. पक्षकार येतोय."